फ्रिक्वेन्सी बदलली की आधी अँटेना तपासा

९०.४ वरून १०७.८ मेगाहर्ट्झवर आल्यापासून कम्युनिटी रेडिओ गावाबाहेर खरखरतो, म्हणजे ट्रान्समीटर कमजोर झाला, असं काहींचं म्हणणं आहे. पटत नाही. एवढ्या बदलाने पल्ला फारसा घटत नाही. बिघडतो तो अँटेनाचा नव्या फ्रिक्वेन्सीशी मेळ. अर्धतरंग डायपोलची (लहरीच्या साधारण अर्ध्या लांबीच्या, दोन भुजांच्या अँटेनाची) लांबी मीटरमध्ये साधारण १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे १.५८ वरून थेट १.३३. जुनाच डायपोल ठेवला तर शक्ती परत फिरते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला आउटपुट उतरवतो. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारं माप, १.५ च्या आत हवाच. मनोऱ्यावर चढण्याआधी प्रक्षेपण बंद करा, ही कळकळीची विनंती. घरच्या रेडिओची दांडी ७० सेंमीवर आणून पाहा. टेकडीमागच्या वस्तीला मात्र १०० वॅट ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी प्रभावी शक्ती) कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बहुधा अपुरीच पडते.