हिशेबच लिहिले नाहीत तर कॅग काय तपासणार?

'कॅगचं ऑडिट असताना महामंडळात घोटाळा होतोच कसा' हे वाचलं. होतो, कारण कॅगचं (देशाच्या महालेखापरीक्षकांचं) पुरवणी लेखापरीक्षण, म्हणजे वरची दुसरी तपासणी, वैधानिक लेखापरीक्षकाचा (हिशेब तपासायला नेमलेल्या सीएचा) अहवाल आल्यावरच सुरू होतं (कंपनी कायदा २०१३, कलम १४३). ताळेबंदच वर्षानुवर्षं रखडवला की सगळं आरामात. तोवर संबंधित साहेब निवृत्त. आणि केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करा म्हणणाऱ्यांसाठी: वास्कोचं गोवा शिपयार्ड केंद्राचं, तिथे आयोग चालतो, कदंब बससेवेसारख्या गोवा राज्याच्या कंपनीसाठी राज्याच्या दक्षता खात्याचंच दार ठोठवावं लागतं.

पणजीत एका महामंडळाच्या लेखा विभागात होतो, नाव राहू दे. दुरुस्तीच्या एका फायलीत तीन कोटेशनं, लेटरहेड तीन, पण 'मेन्टेनन्स'चं स्पेलिंग तिन्हींत एकाच जागी चुकलेलं. काम एकच, बिलं मात्र तुकड्यांत, प्रत्येक तुकडा, ज्या रकमेपुढे निविदा काढावी लागते तिच्या जरासा खाली. प्रत्येक बिल सुटं बघितलं तर सही करायला काहीच हरकत नाही! पुरवठादारनिहाय वर्षाची एकत्र यादी काढली तेव्हाच ते उघडं पडलं. ही यादी दर तिमाहीला संचालक मंडळापुढे ठेवायला खर्च शून्य, पण मागतो कोण?