टायगर शार्कसोबत पहिली डाइव्ह: पाण्याखाली कसं वागू?

शेवाळी: मालदीवमधल्या फुवाहमुलाला टायगर शार्क बघायला जायचंय. तीस डाइव्ह झाल्यात, पण शार्क आजवर लांबूनच पाहिलेत. पैसे दोन डाइव्हपुरतेच आहेत, नवीन सामान घेणार नाही. काय लक्षात ठेवू?

खोलपाणी: विजेचे झटके सोडणारं शार्करोधक यंत्र घ्याच. शार्कच्या नाकाडावर विद्युतक्षेत्र ओळखणारी बारीक छिद्रं असतात, त्यांना ते सोसत नाही. मी घेतल्यापासून निर्धास्त उतरतो.

भरतीओहोटी: त्या सामान नको म्हणाल्यात. आणि यंत्राने धोका कमी होतो, संपत नाही. शेवाळी, नजर हलवू नका. टायगर ज्या बाजूला जाईल तिकडे तोंड वळवा, तो बहुधा लक्ष नसलेल्या माणसाच्या मागून येतो. शरीर उभं ठेवा, हात जवळ, पळापळ नाही.

जुनापाणबुड्या: ऐंशीवर शार्क डाइव्ह केल्यात, बहामासलाही जाऊन आलो. काळे हातमोजे घाला. आमिष टाकलेल्या पाण्यात उघडा फिकट हात माशाच्या तुकड्यासारखा दिसतो. अंगठी, साखळी काढून ठेवा.

खोलपाणी: प्रवाळ जपायला कित्येक ठिकाणी हातमोज्यांना मनाई असते.

जुनापाणबुड्या: म्हणून आधी विचारायचं. मी प्रत्येक वेळी विचारतो.

लाट९: मीपण तेच सांगेन, नजर. लाल समुद्रात मी कॅमेऱ्यात गुंग होते. वळले तर ओशनिक व्हाइटटिप शार्क हातभर अंतरावर! गाइडने उतरण्याआधी एक शब्द सांगितला नव्हता, तो राग अजून गेलेला नाही. पहिल्या डाइव्हला कॅमेरा नको.

भरतीओहोटी: ग्रे रीफ शार्कने पाठ कमानीसारखी केली, नाक वर, छातीचे पर खाली आणि अंग जोरजोरात डोलवत पोहू लागला, तर तो इशारा आहे. त्याची वाट न अडवता, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. आणि पृष्ठभागावर रेंगाळू नका. वर येण्याआधी थोडं थांबतो त्या सेफ्टी स्टॉपला जोडीदाराच्या पाठीला पाठ लावा.

शेवाळी: आभार. टायगर या खेपेला नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबताना मी अजून वरखाली होते. खोली दाखवणारं गेज बघू की शार्क? दोन्ही डाइव्ह आमिष नसलेल्या प्रवाळाच्या रीफवर करते, तिथे ग्रे रीफ दिसले तर बघेन.

जुनापाणबुड्या: तिथवर जाऊन टायगर न बघता परत? फार वाईट वाटेल तुम्हाला. हातमोजे घेऊन एक तरी करा.

खोलपाणी: किंवा यंत्र भाड्याने मिळतंय का बघा.

शेवाळी: नाही, ठरलंय. ती पाठ कमानीची खूण मात्र जोडीदारालाही दाखवून ठेवते.