मदत हवी आहे : 1 लाख 12 हजार किमी झालेली बाईक, इंजिन खोलू का?

नमस्कार मंडळी, माझी 2012 ची 100 सीसी बाईक आहे, वडिलांनी घेतलेली, रोज भांडुप ते अंधेरी जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). मीटर पाच आकडीच, पवईला सिग्नलजवळ 99999 चे 00000 झाले तेव्हा बाजूला थांबून फोटो काढून बाबांना पाठवला होता. ऑइल दर 3000 ला बदलतो, चेन स्प्रॉकेट दोनदा, क्लच प्लेट एकदा, इंजिन आजवर खोललेलं नाही.

आता महिनाभर सकाळी पहिल्या किकला निळसर धूर येतो, दोन मिनिटांत बंद, नंतर दिवसभर काही नाही, चढावरही नाही. ऑइल मात्र थोडं कमी होतंय. मेकॅनिक म्हणतो बोअर-पिस्टन (सिलिंडर घासून नवा पिस्टन, रिंगा) करून टाक. पण पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर रेस केल्यावरही धूर आला असता ना? मला व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबरी सील) गेलेले वाटतायत, ते खूप स्वस्तात होतं.

आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करून घेऊ का? भांडुप-मुलुंडकडे नीट करणारं कोणी माहितीये? आणि बोअर केल्यावर पुढे किती किमी चालली तुमची? पुढच्या वर्षी 15 वर्षं भरतायत, आरटीओत पुन्हा पासिंग, जुन्या गाडीचा ग्रीन टॅक्स सगळं करायची तयारी आहे, विकायची नाहीये.