मुंबईत भाड्याची खोली शोधताना आलेले अनुभव

शेवंती
काल रात्री भाच्याचा फोन आला. ऐरोलीत नोकरी लागलीय, आठ दिवस खोली शोधतोय. "मावशी, वन आरके, म्हणजे एक खोली नि वेगळं स्वयंपाकघर, म्हणून नेतात आणि आत मोरी नि ओटा एकाच भिंतीला." ऐकलं आणि मी थेट २००९च्या डोंबिवलीत पोचले. पूर्वेला, स्टेशनपासून चालत २० मिनिटं. भाडं ३,५००, डिपॉझिट २५,०००. एजंटाने खोली रात्री दाखवली होती. सकाळी खिडकी उघडली तर शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागली! पण दाराला माझं कुलूप होतं. गादीची वळकटी ओट्याखाली बरोब्बर बसायची, मोजून बांधल्यासारखी.
तुम्हीही लिहा. पोर रडकुंडीला आलंय, त्याला वाचायला देणार आहे.

कोकमसरबत
घणसोली, तळवली, गोठिवली गावठाणात बघ म्हणावं. घणसोलीहून ऐरोली दुसरं स्टेशन. मालक बहुतेक खालच्याच मजल्यावर, सोसायटीची कटकट नाही. फक्त पाण्याची वेळ आधी विचारायची. मी नव्हती विचारली. ५:४० ते ६:१५. वर्षभर पिंप भरायला गजर लावून उठले.

रानवाट
मी १४ खोल्या पाहिल्या. "फॅमिलीलाच देतो" हे १४ पैकी ९ ठिकाणी. एकीकडे सगळं ठरलं, टोकन द्यायला गेलो तर सेक्रेटरींनी विचारलं, मासे खाता का. मी मालवणचा. खोटं बोलवेना. पैसे परत खिशात. अजून त्या गल्लीतून जाताना पोटात कालवतं.

निळाई
रानवाट, अगदी. मला तर आडनाव विचारून परत पाठवलं. लिहिते सावकाश, कुकर लावलाय.

धोपट
दिवा स्टेशनजवळ राहिलो ४ वर्षं. भाडं निम्मं, पण सकाळी फास्ट लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मग उलटं डोंबिवलीला जायचं आणि तिथून सुटणारी लोकल बसून पकडायची. रोजची ४० मिनिटं जास्तीची. भाडं ठरवताना हाही हिशेब धरा.

कोकमसरबत
धोपट, आम्ही बदलापूरला जायचो तसं! आमच्या ग्रुपमधल्या दोघींची डब्यातच केळवणं झाली.

पानसुपारी
कागदाचं सांगते, कारण मी पोळलेय. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती झाली नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आता ऑनलाइन होतं, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो.
माझ्या डिपॉझिटमधून रंगाचे म्हणून ८,००० कापले. रंग मी स्वतः लावून घेतला होता! फोटो नव्हते, काय दाखवणार? सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक भिंत, नळ, फ्लश, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा.

तांबूस
गॅसचं काय केलंत सगळ्यांनी?

धोपट
५ किलोचा छोटा सिलिंडर. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. एकट्याला महिना सहज जातो.

तांबूस
धन्यवाद दादा. दोन महिने इंडक्शनवर मुगाची खिचडी खातोय.

कोकमसरबत
अरे, त्यावर भाकरी पण होते, जाड तवा घे.

शेवंती
सगळं वाचून दाखवलं त्याला. पानसुपारी, तुमचं दोनदा. रविवारी तळवलीत खोली बघायला चाललाय, मीही जातेय सोबत. पहाटेच, नळाला धार किती येते ते बघायला.

निळाई
आडनावाचं लिहायला बसले होते. होत नाहीये आज. शेवंती, त्याला खोली मिळाली की नक्की कळवा.