विषय: रि: रि: शनिवारचं जेवण – गुरुवारपर्यंत आकडा हवा (आणि ग्लासचं काय?)

प्रेषक: मंजिरी (कार्यक्रम समिती)

मंडळी,
शनिवारी प्रयोग साडेआठला संपतो. नऊला स्वयंसेवकांचं जेवण, एडिसनला (न्यू जर्सी) ओक ट्री रोडवरचं नेहमीचं हॉटेल. त्यांना गुरुवारी रात्रीपर्यंत पक्का आकडा हवाय. आठच्या वर माणसं असल्यामुळे २० टक्के टिप आधीच लावणार, आणि स्वतःची वाइन-बिअर आणलीत तर ग्लासचे माणशी ५ डॉलर, असं त्यांनी फोनवर सांगितलंय. कृपया एवढंच कळवा: किती जण, त्यात शाकाहारी किती. चर्चा नको. मागच्या वेळी ढीगभर मेल आल्या आणि जेवायला आले ते न कळवलेलेच.

---

प्रेषक: सुहास (खजिनदार)

मंजिरी, आकड्याआधी पैसे. गणपतीनंतरच्या जेवणाचं बिल समोर घेऊन बसलोय. थाळी ठरली होती ३२ डॉलरला. त्यावर २० टक्के, म्हणजे ६.४०. मग टॅक्स. मग ग्लास. मग कार्डाने दिले म्हणून सगळ्यावर ३ टक्के. बाटली आणलेल्या माणसाची थाळी ४७ च्या पुढे गेली. मंडळाने मंजूर केले होते ३५. वरचे कोणी भरले, हे ज्यांनी भरले त्यांना माहीत आहे, आणि ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

या वेळी आधी लेखी भाव, मग आकडा.

---

प्रेषक: अविनाशकाका

सुहासराव, अगदी बरोबर. आम्ही या रस्त्यावर जेवायला लागलो तेव्हा मालक स्वतः पोळ्या आणून वाढायचा आणि निघताना बडीशेप हातावर. टिप आम्ही मनाने द्यायचो, आणि भरपूर द्यायचो. आता बिल येण्याआधी तो टॅबलेट तोंडासमोर धरतात, १८, २२, २५. वाढणारा उभाच. चष्मा लावेपर्यंत बायकोने २५ दाबलेलं असतं.

भारतात बरं, ग्राहक प्राधिकरणाने २०२२ सालीच सांगितलं की सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं.

तसंच, तिथली मिसळ आता मिसळ राहिलेली नाही. तर्री वेगळी मागावी लागते.

---

प्रेषक: नेहा (जर्सी सिटी)

अविनाशकाका, भारतातला नियम एडिसनमध्ये लागू नाही हो. आणि टिपबद्दल जरा थांबा. मी हायस्कूलला असताना डायनरमध्ये वाढायचं काम केलंय. टिप मिळणाऱ्या माणसाला मालकाने हातात द्यायचा किमान पगार, फेडरल म्हणजे देशभरच्या कायद्याने, तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि तो १९९१ पासून बदललेला नाही. न्यू जर्सीत जास्त आहे, पण तोही नेहमीच्या किमान वेतनाच्या बराच खाली. त्यामुळे टिप मनाने वगैरे ठीक, पण पोळी आणणाऱ्याचं घरभाडं त्यातूनच जातं.

मात्र ते सक्तीचे २० टक्के ही वेगळी गोष्ट. आयआरएस (इथलं आयकर खातं) २०१४ पासून त्याला टिप धरतच नाही, सर्व्हिस चार्ज धरते. तो पूर्ण वाढणाऱ्यांना द्यायलाच हवा असं फेडरल कायदा म्हणत नाही. न्यू जर्सीत एक खूण बघता येते: रक्कम बिलावर वेगळी दाखवली असेल आणि सगळी कामगारांना जात असेल, तर तिच्यावर सेल्स टॅक्स लागत नाही. सुहासदादा, त्या बिलावर टॅक्स कशावर लावलाय?

---

प्रेषक: सुहास (खजिनदार)

नेहा, आत्ता पाहिलं. ६.६२५ टक्के लावलाय ३८.४० वर. ३२ वर नाही. माणशी ४२ सेंट जास्त. पैशांचं सोड, पण मग ते ६.४० गेले कुठे? त्या रात्री जो मुलगा आपल्याला वाढत होता त्याला अविनाशकाकांनी वेगळे वीस दिले होते, ते बरं केलं.

---

प्रेषक: संजय

मालकाची बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून लिहितो. तो दरवर्षी स्मरणिकेत पानभर जाहिरात देतो. आपल्यासाठी साडेअकरापर्यंत किचन चालू ठेवतो. मुलं टेबलांखाली पकडापकडी खेळतात. सहा थाळ्या मागवून दहा जण जेवतात, आणि मग "दोन एक्स्ट्रा प्लेट द्या ना भैया". दुसरं कोणी हे सहन करील का? उगाच यादीवर कायदा काढून संबंध बिघडवू नका. मी त्याच्याशी बोलू शकतो, पण समितीने सांगितलं तरच.

---

प्रेषक: मंजिरी (कार्यक्रम समिती)

संजय, बोलायचं काम समितीचं आहे आणि समिती बोललेली आहे. परस्पर फोन नकोत. मागच्या वर्षी तीन जणांनी तीन आकडे सांगितले होते.

आतापर्यंत आकडा कळवणारे: शून्य.

---

प्रेषक: सुहास (खजिनदार)

जाहिरात देतो आणि ग्लासांतून वसूल करतो.

---

प्रेषक: नेहा (जर्सी सिटी)

ग्लासबद्दल. त्यांच्याकडे दारूचं लायसन्स नाही, म्हणून आपण बाटल्या नेतो. इथे बारचं लायसन्स गावच्या दर ३,००० लोकसंख्येमागे एक, आणि विकत घ्यायला गेलं तर लाखो डॉलर. म्हणून ओक ट्री रोडच काय, निम्मी न्यू जर्सी आपापली बाटली घेऊन जेवायला जाते. पण अशी बाटली आणू देणाऱ्या कायद्यातच लिहिलंय की हॉटेलने त्यासाठी प्रवेश फी, कॉर्केज (आणलेल्या बाटलीमागे लावायचे पैसे) किंवा सर्व्हिस चार्ज घ्यायचा नाही. आणि आणायची ती फक्त वाइन किंवा बिअर. ज्यांच्या थर्मासला मागच्या वेळी चहाचा वास येत नव्हता, त्यांनी नोंद घ्यावी.

---

प्रेषक: अविनाशकाका

थर्मासमध्ये कोकम सरबत होतं.

---

प्रेषक: श्रीकांत

थोडं विषयांतर, पण बारचाच अनुभव. बाबांना होबोकनला नदीकाठी फिरवून आणलं. वय ७४. म्हटलं समोर मॅनहॅटन बघत एक बिअर घेऊ. दारावरचा पहिलवान म्हणाला, आयडी. बाबांनी ऐटीत आधार कार्ड काढलं. त्याने उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं, आणि नाही म्हणाला. पासपोर्ट घरी कपाटात. बाबा म्हणाले, "अरे, माझे केस बघ!" त्याला मराठी कळत नव्हतं, पण केस दिसत होते. तरी नाहीच. माझा भाचा मात्र आत. २२ वर्षांचा, पुण्याहून पासपोर्ट खिशात घालून आलेला. तिकडे कायद्याने त्याला बिअर चालते, व्हिस्कीला २५ पूर्ण लागतात. इथे २१ झाले की सगळं मोकळं. त्याने आत जाऊन फोटो पाठवला. बाबांनी तो अजून उघडलेला नाही.

तर शनिवारी पाहुणे आणणाऱ्यांनी पासपोर्ट आणायचा का?

---

प्रेषक: मंजिरी (कार्यक्रम समिती)

श्रीकांत, जेवायला पासपोर्ट लागत नाही. तुमचे किती जण?

---

प्रेषक: संजय

मी बोललो त्याच्याशी. (मंजिरी, रागावू नकोस, तो दुकानात समोरच भेटला.) तो म्हणतो ते ग्लासचं भाडं आहे, कॉर्केज नाही. फुटतात म्हणून.

---

प्रेषक: सुहास (खजिनदार)

मग पाण्याच्या ग्लासचंही भाडं लावा म्हणावं, तेही फुटतात. गणपतीत फुटलेला एकमेव ग्लास लस्सीचा होता, आणि तो त्यांच्याच माणसाच्या ट्रेमधून पडला.

आणि ३ टक्क्यांचं काय म्हणाला? ऑगस्ट २०२३ पासून न्यू जर्सीत कार्डाचा अधिभार आधी स्पष्ट सांगावा लागतो आणि मशीनवाल्याला प्रत्यक्ष द्यावे लागतात त्याहून जास्त घेता येत नाही. गल्ल्यापाशी पाटी नव्हती. मी शोधली होती.

---

प्रेषक: एक सभासद

कृपया माझं नाव यादीतून काढा. आम्ही डॅलसला येऊन बरेच दिवस झाले. (इकडे थाळी २२ ला मिळते.)

---

प्रेषक: अविनाशकाका

२२ ला? ताकासकट?

---

प्रेषक: मंजिरी (कार्यक्रम समिती)

समितीचा निर्णय, आणि हा धागा इथे थांबवू या. मी स्वतः जाऊन आले. लेखी घेतलंय: थाळी ३२, ग्लासचे पैसे नाहीत, पैसे मंडळाच्या चेकने म्हणून ३ टक्केही नाहीत. २० टक्के सोडायला तो तयार नव्हता. मग असं ठरलं की ते बिलात न लावता आपण टेबलावर रोख ठेवायचे, आणि ते सुहास वाढणाऱ्यांच्या हातात देईल. बदल्यात त्याने दोन गोष्टी मागितल्या: जितकी माणसं तितक्या थाळ्या, आणि मुलं खुर्चीवर.

थर्मास आणू नयेत. आकडा आज रात्री दहापर्यंत. नंतर आलेल्यांनी स्वतःचं बिल स्वतः बघावं.

---

प्रेषक: श्रीकांत

आमचे चार. बाबा शाकाहारी, पण चतुर्थी नसेल तर कोळंबी खातात. शनिवारी चतुर्थी आहे का?