प्रार्थनाच होत नाहीये, आणि गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी का?

शांतपणे_शोधतेय

जय ख्रिस्त सगळ्यांना. कुठून सुरुवात करू कळत नाहीये, लांबेल, आधीच सॉरी.

पप्पा आठ महिन्यांपूर्वी गेले. आजार मोठा होता, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पण आम्ही सगळे प्रार्थनेला धरून होतो. त्यात बाहेरून एक प्रचारक आले होते, त्यांनी पप्पांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले तुम्ही बरे झालात, आता साक्ष द्या. पप्पांनी दिली. मंडळीसमोर उभं राहून, माईक दोन्ही हातांनी धरून, कारण एका हातात तो हलत होता. मी पहिल्या रांगेत बसले होते, मला फक्त ते हात दिसत होते. चौथ्या आठवड्यात गेले ते.

मग काही लोक आईला भेटायला आले आणि म्हणाले की घरात कुणाचा तरी विश्वास डळमळला असेल. आईने ऐकून घेतलं, काहीच बोलली नाही. मी मात्र त्या दिवसापासून प्रार्थनेला बसले की डोक्यात शब्दच येत नाहीत. उपासनेला जाते, गाणी म्हणते, घरी येते. झोप गेलीये, रात्री तीनला छातीत धडधडतं, शेवटी डॉक्टरकडे गेले, त्यांनी गोळ्या दिल्या आणि थोडा फरकही पडतोय खरं तर. पण प्रार्थना ग्रुपमधल्या एक ताई आहेत, मनाने खूप चांगल्या आहेत, त्या म्हणतात गोळीवर टेकलीस म्हणजे देवावरचा टेकू काढलास.

तर विचारायचंय ते असं, की गोळ्या घेणं खरंच अविश्वास आहे का, प्रार्थना होत नसेल तर माणसाने करायचं काय, आणि मार्गदर्शनासाठी जायचं तर कुणाकडे, कारण हात ठेवून बोलणाऱ्यांची मला आता भीतीच वाटते. देव नाहीच असं मला म्हणायचं नाहीये. आहे, पण मी त्याच्याशी बोलत नाहीये, असं काहीतरी.

नर्सबाई

आधी गोळ्यांचं, कारण ते तातडीचं आहे. बंद करू नका. मनाच्या आणि झोपेच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास उलटा वाढतो, कमी करायच्या असतील तर ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारून. आणि कधी जगणंच नको असं वाटायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, घरच्यांना उठवा आणि हॉस्पिटलला जा, प्रार्थना रिक्षात बसूनपण होते.

आता त्या ताईंसाठी. बायबलमधला हिज्कीया राजा मरायला टेकला होता, देवाने सांगितलं तुला आणखी १५ वर्षं देतो, म्हणजे शब्द मिळालेला होता हो, तरी यशया संदेष्टा काय म्हणाला, अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, नुसती प्रार्थना कर म्हणत नाही. लूक तर स्वतः वैद्य, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आणि माझं सगळ्यात आवडतं, तीमथ्यालाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शेवटी पौल सहज लिहून जातो की त्याचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांवर नेऊन ठेवायचे, तो सोबत्याला आजारीच ठेवून पुढे गेला आणि त्याबद्दल त्रफिमाच्या विश्वासावर एक अक्षर बोलला नाही.

विजयीविश्वास

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण वचन तर वचन आहे ना. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय की विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील. मी स्वतः साक्षीदार आहे, बारा वर्षांची दारू एका रात्रीत सुटली, हात पण थरथरला नाही. आपण जर आधीच डॉक्टर, गोळ्या, अंजीर असं करत बसलो तर देवाला काम करायला जागा कुठे राहते? उपास धरा, तीन दिवस, आणि शंका मनात येऊच देऊ नका. कडक बोललो असेन तर माफी.

नर्सबाई

दादा, तुमची सुटली याचा मनापासून आनंद आहे. पण ही साक्ष वाचून कुणी रोज पिणारा माणूस घरच्या घरी एका रात्रीत बंद करायला जाईल म्हणून लिहिते, त्यात झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, डॉक्टरच्या देखरेखीत सोडा. आणि जिला झोप नाही तिला तीन दिवस उपास सांगू नका प्लीज.

जुनीवही

विजयीविश्वास, याकोब ५ तुम्ही काढलंच आहे तर अख्खं वाचू या. आजाऱ्याने काय करायचं सांगितलंय? मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना, बोलवायचं. बस. प्रार्थना वडिलांनी करायची, तेल त्यांनी लावायचं, विश्वासाची प्रार्थना ती त्यांची. अंथरुणातल्या माणसाचा विश्वास मोजायची पट्टी तिथे कुठे दिलेली नाही. मार्क २ मध्ये चौघांनी छप्पर उसकटून पक्षाघाती मित्राला खाली सोडलं, तिथेही येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला असं लिहिलंय. येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर तर मेलेलाच होता, त्याने कसला विश्वास धरला असेल. आणि जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला होता जो लोकांनी या ताईंच्या आईला विचारला, कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापाच्या. येशू म्हणाला, याच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. मला तर वाटतं भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने योहान ९ वाचूनच घराची बेल वाजवावी.

ताई, आता तुमच्यासाठी. लाजरच्या घरचं पुन्हा वाचा, पण उठवलं त्या भागाकडे जायची घाई करू नका, आधीचं वाचा. त्याची बहीण मार्था येते आणि म्हणते तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग दुसरी बहीण मरिया येते आणि अगदी तेच वाक्य बोलते. चार दिवस घरात बहिणी बहिणी हेच एकमेकींना बोलल्या असणार, म्हणून तर दोघींच्या तोंडी तेच आलं. आणि येशू कुणालाच, असं कसं बोलतेस, विश्वास कुठे गेला, असं म्हणत नाही. तो रडतो. थोड्या वेळाने लाजरला बाहेर बोलावणार आहे हे माहीत असून रडतो. तुम्ही म्हणता देवाशी बोलत नाही, पण तुमच्या पोस्टमध्ये मला तर तेच वाक्य ऐकू आलं. ते त्यालाच सांगा, शब्द गोड करून सांगायची गरज नाही.

माझं पण असं झालं होतं, वर्षभर. मुलाच्या वेळी. आभाराने सुरुवात करायची सवय लागलेली असते ना, की हे देवबापा तुझे उपकार मानतो, आणि पुढचं खोटं वाटायला लागतं आणि तिथेच अडकतं. तेव्हा मी उसने शब्द घेतले. स्तोत्र १३ उघडा, पहिल्या दोनच ओळींत 'कोठवर' चार वेळा आहे. आणि ८८ वे, ते तर अंधारातच संपतं, शेवटी हल्लेलूया नाही, काही नाही. मला आधी वाटलं माझ्या बायबलचं पान गेलंय की काय, खरंच पुढची पानं चाळली. हे शास्त्रात कुणी ठेवलं असेल, तर तुमच्यामाझ्यासारख्यांसाठीच. मी एका वहीत रोज एक ओळ उतरवायचो, त्याखाली माझी एक ओळ, कधी ती नुसती "आज पण नाही" एवढीच असायची. त्या वहीत ८८ वे मी अकरा वेळा लिहिलंय. बरा झालो का? झोप आली, राग कमी झाला, मुलाचं नाव घेता येतं आता. लोक ज्याला चमत्कार म्हणतात तसलं काही नाही घडलं.

गव्हाचादाणा

मी कॅथलिक आहे त्यामुळे शब्द थोडे वेगळे असतील, सांभाळून घ्या. कुणाकडे जायचं यावर लिहिते.

आमच्यात आध्यात्मिक मार्गदर्शन ही एक रीतसर गोष्ट असते, म्हणजे एखादे फादर किंवा सिस्टर किंवा त्यासाठी तयार झालेली साधी प्रापंचिक व्यक्ती, महिन्यातून एकदा तासभर भेटायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं उत्तरं देतील. बाई फक्त विचारत राहिली, या महिन्यात देव कुठे जवळ वाटला, कुठे लांब, आणि मी म्हणाले कुठेच नाही, तर म्हणाली बरं, मग तिथूनच सुरू करू. यामागे बराचसा लोयोलाच्या इग्नेशियसचा अनुभव आहे. तो सैनिक होता, १५२१ मध्ये तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणात पडून वाचायला ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी मिळाल्या. कधी तो दरबारी पराक्रमाची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं जगायची, दोन्ही बघताना मजा यायची, पण पहिलीनंतर मन कोरडं पडायचं आणि दुसरीनंतर आनंद टिकायचा. हा मागे उरणारा फरक ओळखणं, मार्ग शोधायचं त्याचं काम तिथून सुरू झालं. आणि त्याचा एक नियम तुम्ही फ्रिजवर चिकटवून ठेवा: मन उजाड असताना आधी चांगल्या काळात घेतलेला निर्णय बदलायचा नाही. म्हणजे मंडळी सोडायची, ग्रुप सोडायचा, नवस बोलायचा, यातलं काही आत्ता रात्री तीनला ठरवू नका.

भीतीबद्दल. माणूस बरा की नाही हे ओळखायला मी तीन-चार गोष्टी बघते. औषध बंद कर म्हणतो का, पैसे किंवा साक्ष लगेच मागतो का, दुसऱ्या कुणाला सांगू नको म्हणतो का, आणि नाही जमलं तर दोष तुझाच असं आधीच ठरवून ठेवतो का. यातलं एक जरी असलं तर उठायचं. आणि तेलाचा संस्कार म्हणजे मरणाची तयारी असं आमच्याकडे अजूनही लोक समजतात, तसं नाही, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो आजाऱ्यांचा संस्कार आहे हे स्पष्ट केलं, बळ मिळावं म्हणून, आणि तो दिला म्हणजे बरं व्हायचंच अशी अट नाही.

कंदील

मधेच विचारतो, मी ख्रिश्चन नाही. घरी अडचण आहे आणि कधी कधी चर्चमध्ये जाऊन शांत बसावंसं वाटतं. चालतं का? कुणी धर्म बदल वगैरे म्हणेल का?

जुनीवही

@कंदील या की. मागे बसा, कुणी विचारलं तर शांत बसायला आलोय म्हणा, पुरे. कॅथलिकांच्या मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, प्रसाद घ्यायला मात्र पुढे जाऊ नका, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो, बाकी उठा बसा काही चुकलं तरी चालतं. आणि कुणी घाईच करायला लागलं तर दुसऱ्या चर्चमध्ये बसा.

विजयीविश्वास

जुनीवही दादा, याकोबाचं मी असं वाचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. माझं मत अजून तेच आहे की देव बरा करतो. पण ताईंच्या आईला जे बोलले ते चुकीचं बोलले. उपासाचं मागे घेतो.

जुनीवही

देव बरा करतो यावर वाद नाहीच हो, मीही मागतो रोज. एलियाचं बघा, इतका मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर आग उतरवून आलेला, आणि रतामाच्या झुडपाखाली पडून म्हणतो आता मला मरू दे. देवदूत प्रवचन देत नाही. ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. खाऊन तो परत झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो, मग दुसऱ्यांदा उठवतो. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकू आली ती नंतर, चाळीस दिवसांनी. आणि तिथेही देव दोनदा विचारतो तू इथे काय करतोस, आणि एलिया दोन्ही वेळा तीच रड शब्दाला शब्द सांगतो. मार्गदर्शन काय मिळालं तर आलास त्या वाटेने परत जा, ही ही कामं कर, आणि अलीशाला सोबत घे. तुम्हालाही मोठी वाणी ऐकू येईल म्हणून थांबू नका ताई, आधी झोपा, जेवा, आणि एक माणूस धरा.

शांतपणे_शोधतेय

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. गोळ्या चालू ठेवतेय. त्या ताईंना त्रफिमाचं सांगितलं, त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या हे कुठे लिहिलंय, मी अध्याय दाखवला. बघू.

काल रात्री परत तीनला जाग आली तेव्हा ८८ वे काढलं आणि हळू आवाजात वाचत होते, मनात वाचलं की विचार भरकटतात म्हणून. आई दारात उभी आहे हे मला माहीतच नव्हतं. संपल्यावर म्हणाली, पुढचं वाच. मी म्हटलं पुढे नाहीये काही, इथेच संपतं. ती येऊन पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, मग पहिल्यापासून वाच. वाचलं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

पाळकसाहेबांना फोन केलाय, रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघी जातोय. ते प्रचारक आले होते तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत, हे पण विचारणार आहे.