मदत हवी आहे: वेंगुर्ल्यात १६ जणांचं ईस्टरचं जेवण, ओव्हन नाही, दोनच शेगड्या

माडाखालची_चूल
नमस्कार. यंदा, २०२६ला, ईस्टर ५ एप्रिलला आहे. रविवारी दुपारी साडेबारापर्यंत १६ पानं मांडायची आहेत. त्यांतले दोघे शाकाहारी, तिघे डुकराचं मटण खात नाहीत. घरात दोन शेगड्यांचा गॅस, एक मिक्सर, मध्यम फ्रीज. ओव्हन नाही. शनिवारी रात्रीची पास्काची मिस्सा (चर्चमधली ईस्टरची प्रार्थना) आहे, त्यामुळे शनिवार संध्याकाळनंतर चुलीपाशी कुणी नसणार.

डोक्यात असलेला बेत: सोरपोतेल (डुकराच्या मटणाचा आंबट-तिखट रस्सा), सान्ना (तांदूळ-खोबऱ्याच्या, इडलीसारख्या वाफवलेल्या), कोंबडीची शागुती, कैरी घालून कोलंबी, पुलाव, ओल्या काजूची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी, पन्हं, मार्झिपानची (काजू-साखरेची) अंडी आणि एखादं गोड.

प्रश्न असे:
१. हे सगळं होईल का? काय गाळावं?
२. सोरपोतेल किती दिवस आधी करावं? शिरका (व्हिनेगर) एकदम घालावा की टप्प्याने?
३. सान्ना फुगत नाहीत, मधे चिकट राहतात. माडी (माडाचा आंबलेला रस) वापरावी की यीस्ट?
४. मार्झिपानला तेल सुटतं, ते कशाने?
५. ओल्या काजूचा आणि कुयरीचा चीक कसा सांभाळावा?

पाटावरवंटा
आधी बेत कमी करा. पुलाव गाळा. सान्ना असताना पुलाव कुणी मनापासून खात नाही, आणि एक शेगडी तासभर अडते. शागुतीबरोबर कुणाला भात लागलाच तर साधा उकड्या तांदळाचा भात पुरे. कोलंबीही गाळा. ती ताजी आणायची म्हणजे रविवारी सकाळी बाजार, सोलणं, धागा काढणं, आणि हे सगळं नेमकं सान्ना वाफवायच्या वेळेला. कैरी-कोलंबी एरवीच्या रविवारी सुखाने करा. वेगळं गोड नको, मार्झिपान आहे. ५ एप्रिलला हापूस मिळतो पण महाग असतो. परवडला तर नुसत्या फोडी द्या, त्यात साखर-दूध काही घालू नका.

ईस्टरची तारीख सरकते, म्हणून दरवर्षी तोच बेत चालत नाही. पुढच्या वर्षी, २०२७ला, ईस्टर २८ मार्चला आहे. तेव्हा हापूस विसरायचा. २०२८ला १६ एप्रिल आहे, तेव्हा आंबा भरपूर, पण ओले काजू संपत आलेले आणि कुयऱ्या बऱ्याचशा जून झालेल्या. यंदाची तारीख मात्र मधली आहे. ओला काजू, कुयरी, कैरी तिन्ही हाताशी.

आता क्रम. शिरक्याचे आणि साखरेचे पदार्थ मुरतात, टिकतात, ते आधी करा. ओल्या गरांचं आणि खोबऱ्याचं शेवटी. बुधवारी मार्झिपान. गुरुवारी सोरपोतेल. गुड फ्रायडेला चूल शांत ठेवा. मटण त्या दिवशी खायचं नाहीच, आणि सोरपोतेलालाही मुरायला तेवढा वेळ हवाच असतो. शनिवारी सकाळी शागुतीचं वाटण, काजू सोलणं, कुयरी उकडणं, कैऱ्या उकडणं.

शिरका_जपून
सोरपोतेलाचं सांगतो. तुमच्याकडे ते खाणारे ११ जण. दीड किलो मांस चरबीसकट आणि ३०० ग्रॅम काळीज पुरेल. गुरुवारी चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती आहे. मांस कुठल्या दिवशी मिळेल ते आधीच विचारून सांगून ठेवा.

कच्चं मांस बारीक कापायला जाऊ नका. चरबी सुरीखाली सरकते आणि तुकडे लहानमोठे होतात. मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात २० मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, मग अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. ते उकळलेलं पाणी फेकू नका, गाळून ठेवा. काळीज वेगळं, फक्त ५-७ मिनिटं. मांसाबरोबर तेवढाच वेळ उकळलं तर ते भुसभुशीत होतं आणि रसाला कडवट चव येते.

मसाला: १५ ब्याडगी आणि ५ तिखट मिरच्या (बिया काढून), २ चमचे जिरं, १ चमचा मिरी, १० लवंगा, २ इंच दालचिनी, १ चमचा हळद, २० पाकळ्या लसूण, २ इंच आलं. मिरच्या अर्धा तास शिरक्यात भिजवून त्याच शिरक्यात गंधासारखं वाटा. पाण्याचा थेंब घालू नका. पाण्यात वाटलेला मसाला लवकर उतरतो.

शिरका एकूण १५० मिलिलीटर धरा, माडाचा असेल तर उत्तम. १०० वाटणात जातो. उरलेला ५० शेवटी, चव बघून. सगळा सुरुवातीला ओतला तर उकळताना आंबटपणा कमी-जास्त किती होईल ते कळत नाही, आणि दोन दिवस मुरल्यावर चव बदलतेच. बाजारातला पांढरा सिंथेटिक शिरका जास्त तीव्र लागतो. तो वापरायचा झाला तर १०० मिलिलीटरवर थांबा आणि चमचाभर गूळ घाला.

मांस त्याच्याच चरबीत परतून बाजूला काढा. त्याच भांड्यात ४ कांदे बारीक चिरून लाल करा, वाटण घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. १० मिनिटं तरी लागतात. इथे घाई केली तर कच्च्या मसाल्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. मग मांस, काळीज, दोन वाट्या ते राखलेलं पाणी, आणि झाकण ठेवून ४०-४५ मिनिटं मंद शिजू द्या. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ नको, शिरका धातू खातो.

एप्रिलच्या उकाड्यात हे बाहेर ठेवू नका. पूर्वी रोज गरम करून ठेवत, पण फ्रीज असताना ती जोखीम कशाला? पसरट भांड्यात ओतून लवकर गार करा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. रविवारी खळखळून उकळी येऊ द्या. मुरल्यावर रस घट्ट होतो, तेव्हा राखलेलंच पाणी घाला. ते पाणी तोवर फ्रीझरमध्ये ठेवा.

उकडा_सुरय
सान्ना मधे चिकट राहतात त्याची तीन कारणं असतात: पीठ पातळ, आंबवण अपुरं, किंवा झाकणावरचं पाणी पिठात ठिबकतं. तिसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. झाकणाला आतून पंचा बांधा.

१ किलो तांदळाच्या ४० ते ४५ सान्ना होतात, तुम्हाला तेवढ्या हव्यातच. ७५० ग्रॅम उकडा तांदूळ, २५० ग्रॅम सुरय (न उकडलेला तांदूळ). नुसता उकडा जड होतो, नुसता सुरय कोरडा. शनिवारी मिस्सेला निघताना भिजत घाला. रविवारी सात वाजता तांदूळ आणि दोन मोठ्या नारळांचं खोबरं वाटायला घ्या. पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट, बोटाला जराही रवाळ लागता कामा नये. मिक्सर गरम झाला की थांबा. पीठ तापलं तर आंबवणाचा भरवसा राहत नाही.

माडी मिळत असेल तर माडीच. सकाळी उतरवलेली, फेस असलेली. वाटताना पाण्याऐवजी तीच, साधारण ६०० ते ७०० मिलिलीटर. अगदी गोड, न फसफसणारी नीरा असेल तर पीठ फुगणार नाही. कालची असेल तर आंबूस वास येईल. साखर ४ मोठे चमचे. मीठ पीठ फुगल्यावर, वाफवायच्या आधी. आधी घातलेल्या मिठाने फुगणं मंदावतं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये दोन ते अडीच तास पुरतात. पीठ दीडपटीवर आलं की वाफवायला घ्या, दुपटीची वाट बघू नका. जास्त फुगलेलं पीठ वाफेत बसतं.

यीस्ट वापरायचं तर नारळाचं पाणी कोमट करा, बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकंच. त्यात दीड चमचा कोरडं यीस्ट आणि चमचाभर साखर. १० मिनिटांत फेस आला नाही तर ते यीस्ट मेलेलं आहे, पिठात घालू नका. कडकडीत पाण्यानेही ते मरतं.

फुगलेलं पीठ ढवळायचं नाही. मीठ घालताना एकदाच हलक्या हाताने वर-खाली करा, वाट्या तीन चतुर्थांश भरा, पाणी उकळत असताना आत ठेवा. मोठ्या आचेवर १२ ते १५ मिनिटं. पाच मिनिटं निवल्यावरच काढा.

वसई_किल्ल्यापासून
सान्नांवर अजून विश्वास बसत नसेल तर आमच्या वसईकडच्या फुग्या करा. तळणीचं काम आहे, शेगडी अर्धा तासच अडते. मापं: अर्धा किलो मैदा, २ अंडी, एक वाटी नारळाचं दूध, १ चमचा यीस्ट, २ चमचे साखर, १ चमचा मीठ, लागेल तसं कोमट पाणी. पीठ सैल, हाताला चिकटणारं, ओढलं की लांब तार यावी असं. १० मिनिटं हाताने फेटायचंच. पीठ दुप्पट झालं की ओल्या मुठीतून, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर काढून मध्यम गरम तेलात सोडायचा. तेल फार तापलं तर वरून लाल, आत कच्चं. दोन तास आधी तळल्या तरी मऊ राहतात. सोरपोतेलाचा रस त्या छान शोषतात. मात्र अंडी असल्यामुळे शाकाहारी मंडळींना आधी विचारा.

आता मार्झिपान. २५० ग्रॅम काजू, २५० ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा पांढरा बलक, २ चमचे गुलाबपाणी. तेल सुटतं ते मिक्सर सलग फिरवल्याने. पाती तापतात आणि काजूचं लोणी होतं. दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, मधे डबा हलवा, आणि काजूबरोबर दोन चमचे पिठीसाखर आधीच घाला. ती सुटणारं तेल धरून ठेवते. मग चाळा.

जाड बुडाच्या भांड्यात सगळं एकत्र करून अगदी मंद आचेवर ८ ते १० मिनिटं ढवळा. गोळा कडा सोडू लागला की चिमूटभर घेऊन गोळी वळून बघा. बोटाला चिकटली नाही तर उतरवा. जास्त शिजलं तर रवाळ होऊन चिरतं. तेव्हा चमचाभर गुलाबपाणी शिंपडून मळा. साच्याला पिठीसाखर भुरभुरवा, तेल लावू नका. एवढ्यात ३० ग्रॅमची साधारण १६ अंडी होतात, म्हणजे माणशी एक.

घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये. रविवारी डबा बाहेर काढून तासभर न उघडता ठेवा. लगेच उघडला तर आपली दमट हवा गार मार्झिपानवर पाणी धरते आणि रंग ओघळतात.

पाटावरवंटा
चिकाचं राहिलं. ओल्या काजूबिया शेकड्यावर घ्या, अडीचशे पुरतील. शाकाहारी दोघेच असले तरी ही उसळ सगळेच मागून घेतात. हाताला खोबरेल चोपडा, बी उभी दोन भाग करा, टोकदार काडीने गर काढून कोमट पाण्यात टाका, साल आपोआप सुटते. टरफलातला चीक कातडी जाळतो. लागलाच तर आधी तेलाने पुसा, मग साबण. नुसत्या पाण्याने पसरतो. ती सुरी आणि फळी दुसऱ्या कशाला वापरू नका, आणि मुलांना सोलायला बसवू नका.

गर १० मिनिटांतच शिजतात. एका नारळाचं ओलं खोबरं, ५ ब्याडगी, २ चमचे धणे, हळद यांचं वाटण, कांद्याची फोडणी, शेवटी दाट नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळ उकळू नका, फुटतं. गरम मसाला मात्र घालू नका. ओल्या काजूची चव इतकी नाजूक असते की चमचाभर मसाल्यानेही ती झाकून जाते, मग सुके काजू भिजवूनही चाललं असतं.

कुयरी दीड किलोची, आत बी न धरलेली. सुरीला आणि हाताला तेल. कापलेले तुकडे लगेच हळद-मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळे पडतात. कुकरला दोन शिट्या, गार झाल्यावर हाताने मोकळी करा. शनिवारी इथवर करून फ्रीजमध्ये ठेवा. रविवारी मोहरी, सुकी मिरची, खोबरं, १० मिनिटांचं काम.

माडाखालची_चूल
सगळ्यांचे मनापासून आभार. पुलाव, कोलंबी गाळली. माडी सांगून ठेवते. दोन शंका राहिल्या. रविवारी दोन शेगड्यांचा क्रम कसा लावू? आणि मुलांसाठी उकडलेली अंडी घरच्या घरी रंगवायची आहेत, बाजारचा रंग नको.

उकडा_सुरय
एक शेगडी दहापासून फक्त सान्नांची. तीन-चार घाणे होतील. दुसरीवर आधी काजू, मग कुयरी. शाकाहारी पदार्थ आधी उरकले म्हणजे चमचे-कालथे मिसळत नाहीत. ११ला शागुती: दीड किलो कोंबडी, वाटण तयार असलं तर ३५ मिनिटं. पावणेबाराला सोरपोतेल उकळीला. पन्ह्याचा गर शनिवारचाच, फक्त पाणी घालायचं.

वसई_किल्ल्यापासून
अंड्यांना कांद्याची सालं. ८-१० कांद्यांची सुकी लाल सालं, लिटरभर पाणी, २० मिनिटं उकळून गाळा. गार झाल्यावर चमचाभर शिरका आणि पांढऱ्या कवचाची १२ अंडी घालून मंद उकळीवर १० मिनिटं. विटकरी लाल रंग येतो. गावठी अंडी घेतलीत तर कवचाचा मूळ रंग मधे येतो. कवचावर कोथिंबिरीचं पान चिकटवून वर पातळ फडकं घट्ट बांधलं तर पानाची नक्षी फिकट उमटते. फडकं अंडी गार झाल्यावरच सोडा. तेलाचं बोट लावून पुसा, चकाकतात. ही अंडी खायची असतील तर दोन तासांहून जास्त टोपलीत बाहेर ठेवू नका.

शिरका_जपून
सोरपोतेल गरम करताना सगळं एकदम बाहेर काढू नका. लागेल तेवढंच दुसऱ्या भांड्यात घ्या. बाकीचं गारच राहिलं तर सोमवारी-मंगळवारी खाता येतं. उरलेल्या सान्ना सोमवारी नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून त्यात बुडवा, खापरोळीसारख्या.